मे महिना, दाखले आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक सभेत, विद्यार्थी गुणगौरव समारंभानंतर ठरावावर झालेले भाषण)



अध्यक्षांनी मला ठरावावर बोलायला दहा मिनिटे दिली आहेत. ठराव आपण सर्वांनी वाचलाच आहे. सीमाभागातील मराठी मुलांना महाराष्ट्रातील कॉलेज प्रवेशात जी सवलत मिळते, ती दादरा नगर हवेलीतील मराठी मुलांनाही मिळावी, अशी मागणी महाराष्ट्र शासनाकडे करावी, असा तो ठराव आहे. भावना समजते. तरीही मी ठरावाच्या विरोधात बोलायला उभी आहे. का ते सांगण्याआधी आपली कॉलेजची मुले उन्हाळ्यात काय करतात ते थोडे पाहू.

मे महिना लागला की आपली घरे रिकामी होतात. खान्देशची मंडळी वापीहून सुरत आणि तिथून तापी लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगाव. नाशिककडची जव्हार-त्र्यंबक मार्गे. कोकणातल्यांनी आधी मुंबई गाठायची. तीस-चाळीस वर्षांपूर्वी या प्रवासात पिशवीत लाडू-चिवडा आणि येताना आंबे असत. आता त्याच पिशवीत एक प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात मुलाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला आणि चार पासपोर्ट फोटो. गावी काका असतात, काकांची तहसील कचेरीत ओळख असते, आणि मुलाचे नाव काकांच्या रेशनकार्डावर चढवून महाराष्ट्राचे डोमिसाइल काढता येईल का, याची चौकशी सुरू होते. इथले डोमिसाइल घरात आधीच असते. म्हणजे एका मुलाचे दोन दाखले.

हे आपल्यातल्या किती घरांत झाले ते मी विचारणार नाही. एका घरात काय झाले तेवढे सांगते, नाव न घेता. मुलगी हुशार, नीटमध्ये चांगले गुण. अर्ज दोन्हीकडे भरला. महाराष्ट्राच्या यादीत नाव लागले म्हणून घरच्यांनी इथल्या फेरीकडे लक्ष दिले नाही. कागदपत्रांच्या तपासणीत विचारणा झाली, दहावी कुठून? सिल्वासा. बारावी? सिल्वासा. मग हे डोमिसाइल कुठून आले? प्रवेश रद्द झाला, आणि तोपर्यंत इथल्या जागाही भरून गेल्या होत्या. मुलीचे वर्ष गेले. खोटे प्रतिज्ञापत्र दिले म्हणून पोलिसांत प्रकरण गेले नाही, हे तिचे नशीब.

नियम काय आहे ते स्वच्छ समजून घेऊ. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. इंजिनिअरिंगला उमेदवारांचे प्रकार आहेत. 'ए' प्रकार म्हणजे दहावी-बारावी महाराष्ट्रातली. 'बी' प्रकारात शिक्षण बाहेर झाले तरी चालते, पण मुलगा किंवा त्याची आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी हवेत. 'ई' प्रकार म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातून शिकलेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुले. मातृभाषेचा विचार होतो तो फक्त या शेवटच्या प्रकारात. बाकी कुठेही, घरात ज्ञानेश्वरी वाचता की गुजराती छापे वाचता, हे कोणी विचारत नाही.

यात एक गंमत आहे. पाच-सात वर्षांपूर्वी धुळ्याहून पिपरियाच्या कारखान्यात कामाला आलेल्या कामगाराचा अधिवास अजून खरोखरच महाराष्ट्राचा असू शकतो. त्याचा मुलगा 'बी' प्रकारात रीतसर बसेल. आणि आपण? आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा मुक्तीच्या आसपास इथे आले. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले तेव्हाच्या आठवणी आपल्या घराघरांत सांगतात. सुधीर फडके, आझाद गोमंतक दल ही नावे मुलांना पाठ आहेत. अधिवासासाठी महाराष्ट्रात साधारण पंधरा वर्षांचे वास्तव्य मागतात, आणि आपले वास्तव्य तीन पिढ्या इथले. आपण जितके जुने, तितके कागदावर महाराष्ट्रापासून लांब. हा मान आपण मिरवतो ना, मग त्याच्याबरोबर येणारा कागदही स्वीकारायला हवा.

ठराव मांडणारे भाऊ म्हणतात, मग सीमाभागाला का? सीमाभागाचा प्रश्न ८६५ गावांचा आहे. महाराष्ट्राने त्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लावलेला आहे. तिथे महाराष्ट्राची भूमिका अशी आहे की ही माणसे आमचीच, चुकून दुसऱ्या राज्यात गेली. सवलत त्या दाव्यातून आलेली आहे. आपल्याबाबत असा दावा कोणी केलेला नाही, आणि आपणही केलेला नाही. ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश थेट भारतात आला आणि केंद्रशासित झाला. आपल्याला तेच हवे होते.

शिवाय एक हिशेब आहे, तो कटू आहे पण मांडते. इथले नमो वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली १५० जागांनी सुरू झाले. त्याआधी आपल्या मुलांना केंद्राच्या कोट्यातून मिळणाऱ्या मोजक्या जागांवर डोळे लावून बसावे लागे. आता राज्य कोट्याच्या जागा या छोट्याशा प्रदेशातल्या मुलांसाठी आहेत. पुण्या-मुंबईच्या मुलाला तेवढी संधी स्वप्नातही मिळत नाही. उद्या आपण महाराष्ट्राकडे हात पसरला, तर इथला कोणीही उठून विचारेल, तुम्ही नक्की कुठले? आणि वारली, कोकणा शेजाऱ्यांसमोर आपण काय उत्तर देणार? त्यांना तर याहून मोठी अडचण आहे. एका राज्याचा जमातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितले आहे. वारली समाज तिन्ही बाजूंना पसरलेला, पण दाखला मात्र सीमेपुरता. त्यांनी कुठे ठराव केला?

मुलांनो, एक चांगली बातमीही सांगते. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात राहण्याच्या ठिकाणावरून जागा राखता येणार नाहीत, असा निकाल २९ जानेवारी २०२५ ला आला आहे. म्हणजे एमडीला जाताना तुमच्या सिल्वासाच्या पत्त्याने काही अडणार नाही.

आता पुण्याबद्दल. आपल्याकडे पुणे हा आजारच आहे. सायली रोडवरचे एस.एस.आर. महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेले आहे. या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे, नाशिक, अहिल्यानगर आणि दादरा नगर हवेली येतात. म्हणजे बी.कॉम.ची पदवी इथे घेतली काय आणि तिथे घेतली काय, कागदावर विद्यापीठ एकच. तरीही सतराव्या वर्षी मुलाला पाठवायचे, कॉट बेसिसवर खोली घ्यायची, आणि दिवाळीत परत आला की नुसता वाळलेला. माझे मत विचाराल तर साध्या पदवीसाठी घाई करू नये. पदवी इथे करावी, पुढच्या शिक्षणाला जावे.

पण मी माझ्या मुलीला पाठवले, हेही सांगते, नाहीतर तुम्ही बाहेर गेल्यावर बोलाल. ती एम.एस्सी.ला गेली. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये भाजीला शाक म्हणाली आणि पुस्तकाला चोपडी. मुलींनी विचारले, तू गुजराती का? इथे आपल्याला सगळे मराठीवाले म्हणतात आणि तिथे गुजराती! ती दोन दिवस रुसली. मग लातूरची एक मुलगी तिला पहाटे अभ्यासिकेत न्यायला लागली. ती मुलगी स्पर्धा परीक्षा देणारी, सहा वाजता जागा धरणारी. माझी मुलगी म्हणते, कॉलेजात काय शिकवले ते आठवत नाही, पण न लाजता विचारायला तिथे शिकले. प्रोफेसरांना विचारणे, कंपनीत फोन करून विचारणे, सीनियरला विचारणे. आपली मुले इथे विचारत नाहीत, कारण सगळे बाबांच्या ओळखीने होते.

आणि आता मला सर्वात जास्त खटकते ती गोष्ट. मी गेली बावीस वर्षे सुताच्या कारखान्यात हिशेब पाहते. दर मे महिन्यात आमच्याकडे पुण्याची एमबीएची मुले पत्र घेऊन येतात, प्रोजेक्टसाठी दोन महिने. लॉजमध्ये राहतात, टपरीवर जेवतात, मशीनवरच्या माणसाला प्रश्न विचारून भंडावतात. त्याच महिन्यात टोकरखाड्याची मुले वापीला गाडी पकडून पुण्याला जातात, इंटर्नशिप शोधायला! घरापासून अर्ध्या तासावर मसाट, खडोली, रखोलीची वसाहत, आणि आपल्या बी.कॉम. झालेल्या मुलाला डेनियर म्हणजे काय ते माहीत नसते. ९००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. एवढे एक समजले तरी दराचे अर्धे गणित समजते.

गेल्या उन्हाळ्यात आपल्यातलाच एक मुलगा आमच्या डिस्पॅचला बसला होता. दादऱ्याहून पिपरियाला माल जातो, मध्ये गुजरातची हद्द लागते. तो म्हणाला, मॅडम, राज्य ओलांडले म्हणजे आयजीएसटी ना? मी म्हटले, नाही. विकणारा आणि घेणारा एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत, ट्रक कुठून गेला याने कर बदलत नाही. मग त्यानेच शोधून काढले की दमणला विकले तर पूर्वी आयजीएसटी लागायचा, २०२० मध्ये दोन्ही प्रदेश एक झाल्यावर ते बदलले. हा प्रश्न वर्गात बसून कोणाला पडला असता? (याच हद्दीतून जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले होते, १९६० चा निकाल आहे, हे मी त्याला सांगितले. त्याला फार मजा वाटली.)

आणि यात कोणाची मेहरबानी नाही. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसे काम करतात, तिने संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घेतलेच पाहिजेत, असा २०१९ पासून नियम आहे. नव्या शैक्षणिक धोरणातही इंटर्नशिपला श्रेयांक आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे असेल तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक कोर्स करावा लागतो. म्हणजे मे महिना आता नुसता सुट्टीचा राहिलेला नाही. गावी जरूर जा. आजी-आजोबा वाट पाहतात. पण पंधरा दिवस जा, पन्नास नको.

म्हणून माझी दुरुस्ती अशी आहे. ठरावातून सीमाभागाचा आणि महाराष्ट्र शासनाचा उल्लेख काढावा. त्याऐवजी मंडळाने इथल्या उद्योजक संघटनांना शिष्टमंडळ घेऊन भेटावे आणि अॅप्रेंटिसच्या जागांची यादी दरवर्षी मार्चअखेर मागावी. पुणे विद्यापीठाला पत्र लिहावे की आमच्या मुलांना सुट्टीत महिनाभर विद्यापीठात राहून ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वापरता यावी. संलग्न महाविद्यालयाची मुले आहेत, हे मागणे वाजवी आहे. आणि प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी टोकरखाड्यात कागदपत्रे तपासण्याचे टेबल लावावे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका समोर ठेवून, कोण कुठल्या प्रकारात बसतो ते अर्ज भरण्याआधीच सांगावे. दोन डोमिसाइल घेऊन येणाऱ्याला तिथेच थांबवावे, मग तो पदाधिकाऱ्याचा मुलगा का असेना.

आमच्या कारखान्यात या उन्हाळ्यात अजून दोन जागा आहेत, एक हिशेबात आणि एक गुणवत्ता तपासणीत. मालकांशी बोलणे झाले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी जाताना दाराजवळच्या वहीत नाव आणि शाखा लिहावी. सोमवारी सकाळी नऊला यायचे आहे, पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही.

दुरुस्तीला अनुमोदन द्यावे ही विनंती.