यीस्ट मोजायचं कसं? विरजणाचं गणित

मी अंबडहून बोलतोय. आजचा विषय आहे होमब्रूच्या स्टार्टरमध्ये यीस्टच्या पेशी किती, हे कसं काढायचं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे इथं कुणी ट्राय करू नका. अमेरिकेत 1978 च्या कायद्यानं घरगुती बिअरला वाट मोकळी झाली, तिकडच्या आपल्या मंडळींना हे थेट कामाचं आहे. बाकीच्यांनी गणितासाठी ऐका, शेवटी ते आपल्या शेतात येणार आहे.

स्टार्टर म्हणजे विरजण. विरजण कमी पडलं तर दही लागायच्या आधी दूध नासतं. तसंच यीस्ट कमी पडलं तर दुसरे जंतू आधी जागा पकडतात. मग किती लागतं? एल बिअरसाठी ढोबळ नियम असा: दर मिलीलिटरला, दर डिग्री प्लेटोला साडेसात लाख पेशी. 12 डिग्री प्लेटो म्हणजे 100 ग्रॅम वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, साधारण 12 ग्रॅम साखर. 7.5 लाख गुणिले 12, झाले 90 लाख. 20 लिटरला 18,000 कोटी.

आता समजा लिक्विड यीस्टच्या पाकिटात भरताना 10,000 कोटी पेशी होत्या. फ्रीजमध्ये ठेवूनही महिन्याला साधारण पाचवा हिस्सा मरतो, असं धरतात. तीन महिन्यांनी उरतात 5,120 कोटी. म्हणून स्टार्टर. एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम माल्ट पावडर उकळायची, गार करायची, यीस्ट टाकायचं आणि सतत ढवळत ठेवायचं. एका ग्रॅमला सुमारे 140 कोटी नव्या पेशी धरतात, म्हणजे 14,000 कोटी. एकूण 19,120. पास!

पण थांबा. हा झाला अंदाज. ऑनलाइन कॅल्क्युलेटरसुद्धा अंदाजच देतो. खरी मोजणी मायक्रोस्कोपखाली होते. त्यासाठी हिमोसायटोमीटर लागतो. रक्तातल्या पेशी मोजायची चौकटी आखलेली काच, पॅथॉलॉजीवाल्यांना माहीत असते. मधल्या मोठ्या चौकोनात 25 घरं असतात. समजा स्टार्टर 20 पट पातळ केला आणि पाच घरांत मिळून 150 पेशी दिसल्या. 25 घरांत 750. चौकोनात मावतं मिलीलिटरचा दहा हजारावा भाग, म्हणून गुणिले 10,000, मग गुणिले 20. मिलीलिटरला 15 कोटी, लिटरला 15,000 कोटी.

त्यात मिथिलिन ब्लू टाका. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात. 10 टक्के निळ्या निघाल्या तर जिवंत 13,500 कोटी. कागदावर पास झालेला स्टार्टर काचेवर नापास!

आता या आपल्या अंबडात. पेरणीआधी तूर, सोयाबीनच्या बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो. तेही विरजणच. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात पावडरच्या ग्रॅमला किमान 5 कोटी आणि लिक्विडच्या मिलीलिटरला 10 कोटी जिवंत पेशी सांगितल्यात. पाकीट तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिलं तर जिवाणू मरतात, पण पावडर दिसते तशीच. शेतकऱ्यानं पैसे मोजले जिवंत पेशींचे, घरी नेली काळी भुकटी. आणि पेरणी काही परत करता येत नाही. हे जिवाणू लॅबमध्ये वेगळ्या पद्धतीनं मोजतात: थाळीवर वाढवायचे आणि ठिपके मोजायचे. हे घरी जमणार नाही. पण एक्सपायरी बघणं, पाकीट सावलीत ठेवणारा दुकानदार निवडणं आणि चोळलेलं बी सावलीत सुकवून लगेच पेरणं, एवढं तर जमतं ना?

म्हणून पाकीट कुठलंही असो, प्रश्न एकच विचारा: यात आज जिवंत किती?

हा एपिसोड घरच्या शेतकऱ्याला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या वेळी!