हात गुंतले की मन सुटते

काशीची थंडी महाराष्ट्रातील थंडीहून निराळी असते. पौष-माघात गंगेवर धुके दाटते आणि पुष्कळदा दुपारपर्यंत ते विरत नाही. मग ऊन पडले की गल्लीबोळांतील घरांच्या गच्च्या माणसांनी भरून जातात. अशा उन्हात मांडीवर लोकरीचा गुंडा आणि हातांत दोन सुया घेऊन बसलेली गृहिणी हे उत्तरेकडील हिवाळ्याचे जुने चित्र होय. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांनाही ते परके नाही.

स्वेटर आता बाजारात तयार मिळतो, आणि हिशेब मांडला तर घरी विणलेल्यापेक्षा तो स्वस्तही पडतो. तरीही सुया अडगळीत गेलेल्या नाहीत. याचे कारण लोकरीत शोधून सापडणार नाही. ते विणणाऱ्याच्या मनात शोधावे लागते.

विणकाम म्हणजे मुळात दोनच टाक्यांचा खेळ: एक सुलट, एक उलट. त्यांच्या जुळणीतून सारी नक्षी निघते. हात सरावले म्हणजे बोटे आपोआप चालू लागतात. मनाकडे उरते ती टाके मोजण्याची हलकी कामगिरी. ही कामगिरी मनाला थकवीत नाही, परंतु भटकूही देत नाही. उद्याची विवंचना डोकावते, एखादा टाका सुटतो आणि तो उचलण्यासाठी मनाला परत यावेच लागते. घाटावर माळ ओढणाऱ्या जपकऱ्याचेही असेच असते. त्याचे बोट मण्यावरून मण्यावर सरकते आणि सुटलेले मन पुन्हा नामाकडे वळते.

या अनुभवाला शास्त्राचाही आधार मिळाला आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शरीर शांत होण्याच्या क्रियेचे विवेचन केले. एखादा शब्द, ध्वनी, प्रार्थना किंवा हालचाल पुनःपुन्हा करावी आणि इतर विचार आले तर त्यांच्याशी न झगडता पुन्हा मूळ क्रियेकडे वळावे, एवढेच त्यांचे सांगणे. त्याने श्वास मंदावतो, नाडीची गती उतरते. पुढे २०१३ साली ब्रिटनमधील एका नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे अधिक वेळा विणतात त्यांनी अधिक शांत व प्रसन्न वाटत असल्याचे सांगितले. अर्थात ही विणणाऱ्यांनी स्वतःच दिलेली साक्ष आहे. तीवरून विणकामाला औषध ठरविणे योग्य होणार नाही. ज्याचे दुःख खोल आहे त्याला वैद्याकडेच गेले पाहिजे.

परंतु काशी या गोष्टीची दुसरी बाजूही दाखविते. हे शहर विणकरांचे आहे. पंधराव्या शतकातील कबीर येथलाच. मागावर बसून त्याने वस्त्र विणले आणि देह व आत्मा यांविषयी बोलताना विणकरीचेच दाखले दिले. मदनपुरा, अलईपुरा या वस्त्यांत आजही धोटा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे धावतो. ताल तोच, पुनरावृत्ती तीच. मग तेथील प्रत्येक विणकराला शांती लाभते काय? बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी यंत्रमागाची स्पर्धा आणि तुटपुंजी मजुरी यांनी हातमागावरच्या माणसाची झोप उडविलीच आहे. चूल ज्या धाग्यावर अवलंबून असते, तो धागा मनाला सहसा मोकळे करीत नाही.

हा भेद विनोबा भावे यांनी अंगावर घेऊन पाहिला. १९१६ च्या मार्चमध्ये ते घर सोडून काशीस गेले. हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाची चर्चा तेथे अजून ताजी होती. तीतून पत्रव्यवहार झाला आणि जूनमध्ये ते अहमदाबादच्या आश्रमात दाखल झाले. सूत कातणे हे त्यांच्या लेखी ध्यानाचेच अंग होते. पण वर्ध्याजवळ नालवाडीस असताना त्यांनी केवळ कताईच्या मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग केला आणि ती मजुरी किती अपुरी आहे हे जाणून घेतले. कताईत मन रमते म्हणून कातणाऱ्याला पोटभर मजुरी नको, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

तेव्हा हाताच्या कामातली शांती खरी आहे, मात्र ती सक्तीच्या सावलीत वाढत नाही. हौसेने विणणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. अमुक दिवसांत स्वेटर पुरा झालाच पाहिजे, शेजारणीपेक्षा नक्षी सरस उतरलीच पाहिजे, असा हट्ट धरला की सुयांचाही जाच होतो. खांदे भरून येतात, डोळे शिणतात. त्यापेक्षा रोज अर्धा तास, साधा गुलुबंद, आणि चुकले तर निमूटपणे उसवावयाची तयारी एवढे पुरे. उसवलेली लोकर वाया जात नाही. गुंडाळून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर पुन्हा टाके घालता येतात. आणि त्याच शहरातून साडी विकत घेताना, ती विणणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडते, एवढे विचारण्यासही हरकत नाही.