विलंबाची कारणे काय?

भाकऱ्या उरकल्या असतील, कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणाच्या मांडीवर पोर असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही आमच्या बचतगटाची एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट विधानसभेतल्या एका प्रश्नाची आहे, पण ती सुरू होते आमच्या ओढ्यावर.

आमचं गावठाण ओढ्याच्या अलीकडे आणि आमची वस्ती पलीकडे. अंगणवाडी गावठाणात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मोठी माणसं कशीबशी पार होतात. चार वर्षांच्या लेकराला कोण पाठवणार? पाणी ओसरेपर्यंत दसरा येतो, आणि दसरा झाला की वस्तीवरची निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. म्हणजे पाणी असतं तेव्हा पोरं वस्तीवर आणि पाणी नसतं तेव्हा पोरं फडावर. तीन वर्षांखालच्या लेकरांची आहाराची पाकिटं आया जाऊन आणायच्या. पण मोठ्या पोरांना गरम जेवण, गाणी, अक्षरओळख, वेळच्या वेळी वजन यातलं काही धड मिळालं नाही. बरीच पोरं थेट पहिलीच्या वर्गात जाऊन बसली आणि तिथं मागं पडली.

आमदार गावात यायचे तेव्हा आम्ही त्यांच्याकडे काय मागायचो? देवळाला सभामंडप, चौकात हायमास्टचा दिवा, गटाला सतरंज्या. एकदा शिबिरात आम्हाला कळलं की आमदाराचं काम नुसतं निधी देणं नाही. सरकारला जाब विचारणं हेही त्यांचं काम आहे. सभागृहात रोज प्रश्नोत्तराचा तास असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना असते. पण आमदारांना आपल्या वस्तीवरची पोरं कशी दिसणार? ती दाखवायची आपणच.

मग आम्ही आधी कायदा समजून घेतला. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी नव्हे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, शाळेआधीचं शिक्षण आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती अशा सहा सेवा तिथं मिळायला हव्यात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्कच दिला. आणि आमच्या सगळ्यात कामाचं म्हणजे १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे.

चाळीस! मग आम्ही मोजायला निघालो. पहिल्या दिवशी ४६ पोरं भरली. आम्ही खूश. दुसऱ्यांदा घरोघर गेलो तेव्हा कळलं, एका पोराचं नाव आजोळी आणि घरी असं दोनदा आलं होतं, दोघांना सहा पूर्ण झाली होती. उरली ४३. ती यादी आम्ही जन्मतारीख आणि आईच्या नावासकट वहीत उतरवली. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. तिथं विषय मांडला, मग ग्रामसभेत ठराव झाला. टाळ्या वाजल्या, आम्ही घरी आलो. हीच आमची चूक झाली, ती पुढे सांगतो.

यादी घेऊन आम्ही आमदारांकडे गेलो. अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी प्रश्न द्यावे लागतात, म्हणून पावसाळ्यातच गेलो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी त्यांनी प्रश्न दिला. अशा प्रश्नाची एक ठरलेली घडण असते, ती ध्यानात ठेवा. महिला व बालविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग पहिला भाग, अमुक वस्तीवर अंगणवाडी नाही हे खरे आहे काय? दुसरा, असल्यास मुले आहारापासून वंचित आहेत हे खरे आहे काय? तिसरा, असल्यास शासनाने चौकशी करून कोणती कार्यवाही केली? आणि चौथा, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आमच्या प्रश्नाचा सभागृहात बोलायला नंबर लागलाच नाही. कितीतरी प्रश्नांचं असंच होतं. पण छापील उत्तर आलं. आम्ही समाजमंदिरात बसून ते मोठ्यानं वाचलं. पहिल्याला उत्तर, अंशतः खरे आहे. दुसऱ्याला, वस्तीवरील मुले गावठाणातील अंगणवाडीत दाखल असून त्यांना लाभ देण्यात येत आहे. तिसऱ्याला, नवीन अंगणवाडीचा प्रस्ताव प्राप्त झालेला नाही. आणि चौथ्याला, प्रश्न उद्भवत नाही.

‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाचून एक आजी म्हणाल्या, “ओढ्यात उभं राहून बघा म्हणावं, उद्भवतो का नाही!” आम्ही हसलो, पण रागही आला. मग नीट विचार केला. उत्तरात खोटं काही नव्हतं. पोरांची नावं पटावर होती, ओढा मात्र कुठल्याच कागदावर नव्हता. आणि प्रस्ताव खरंच गेला नव्हता. ग्रामसभेचा ठराव पंचायतीच्या वहीतच राहिला होता. त्याची प्रत कुठं पाठवली, जावक क्रमांक काय, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. कागद नेमका कुठं अडकला आहे हे त्या एका उत्तरानं आम्हाला दाखवून दिलं.

पण त्याआधी एक वेगळंच संकट आलं. सरकारात प्रश्न वरून खाली येतो. मंत्रालयातून आयुक्तालय, तिथून जिल्हा परिषद, तिथून बालविकास प्रकल्प अधिकारी, मग पर्यवेक्षिका, आणि शेवटच्या पायरीवर आमच्या सेविकाताई. वस्तीवरील मुले गैरहजर का, याचा लेखी खुलासा करा, अशी नोटीस त्यांच्या हाती आली. त्या थेट आमच्या बैठकीत आल्या. म्हणाल्या, “बायांनो, मी तुमच्या लेकरांची वजनं घ्यायला चिखल तुडवत येते, आणि तुम्ही माझ्यावरच प्रश्न लावला?”

आम्ही मान खाली घातली. त्यांच्याविरुद्ध आमच्या मनात काही नव्हतं, पण ओझं त्यांच्यावर पडलं हे खरं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही पत्र लिहिलं की मुलं गैरहजर राहतात ती ओढ्यामुळं आणि स्थलांतरामुळं, सेविकेच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. सह्या केल्या, अंगठे उमटवले आणि ताईंसोबत कार्यालयात गेलो. खुलासा मान्य झाला. तेव्हापासून आम्ही एक नेम केला आहे. प्रश्न पाठवायच्या आधी सेविका आणि मदतनीस यांना सोबत बसवायचं, आणि कमतरता सोयीची आहे की माणसाची, हे प्रश्नात स्वच्छ लिहायचं.

पुढं पंचायत समितीची आमसभा आली. तिथं अध्यक्षस्थानी आमदार असतात आणि तालुक्याचे अधिकारी समोर. आमच्यातल्या एकीनं वही हातात धरून ४३ हा आकडा सांगितला, ओढ्याचं सांगितलं, न्यायालयाच्या आदेशाचं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “साहेब, विलंबाची कारणे काय?” सभा शांत झाली. आमदारांनी तोच प्रश्न अधिकाऱ्यांना पुन्हा विचारला. प्रस्ताव पाठवायची तारीख तिथंच ठरली. या वेळी आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो नाही. ठरावाची प्रत आणि जावक क्रमांक घेऊनच उठलो.

अंगणवाडी मंजूर झाली का? नाही, अजून नाही. खोटं कशाला सांगावं? पण ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून वस्तीवरच्या समाजमंदिराचं छप्पर दुरुस्त झालं. पावसाळ्यात आठवड्यातले दोन दिवस सेविकाताई तिथं येतात, त्याची लेखी परवानगी मिळाली आहे. दोन दिवस म्हणजे सहा दिवस नव्हेत. म्हणून पुढच्या अधिवेशनासाठीचा प्रश्न आम्ही लिहून ठेवला आहे. त्यात फडावरच्या पोरांचंही विचारलं आहे. लेकरू तालुका ओलांडून गेलं की त्याचा आहार कोण देणार?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात ओढा नसेल. छप्पर गळत असेल, वजनकाटा बंद असेल, पाण्याची सोय नसेल. जे असेल ते दोनदा मोजा. तारीख घालून लिहा. ठराव करा आणि तो पुढे गेला का ते बघा. आमदारांच्या हातात द्या, आणि उत्तर आलं की गटात बसून मोठ्यानं वाचा. ‘अंशतः खरे आहे’ असं आलं, तर उरलेलं खरं काय ते आपण सांगायचं. ते आपल्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

आमची वही आता दुसरी लागली आहे. या महिन्यात वस्तीवर दोन बाळं जन्मली, त्यांची नावं काल लिहिली.