थोडा वेग सोडा, वायफाय टिकवा



घरात १०० एमबीपीएसचं कनेक्शन असतं, स्पीड टेस्टचा आकडाही चोख येतो, आणि तरी मुलीची ऑनलाइन मुलाखत सुरू असताना आवाज तुटतो. कारण त्याच वेळी आतल्या खोलीत कुणाचे तरी लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतात. राउटर-मोडेममध्ये डेटाची लांबलचक रांग लागते आणि बोलणं त्यात अडकतं. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली त्यावर ‘कोडेल’ नावाचा उतारा मांडला.

हा उतारा घरच्या राउटरवर वापरायचा सोपा मार्ग म्हणजे त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर बदलणं. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे, हे जाणकारांनी हेरलं. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे खुलं फर्मवेअर उभं राहिलं. त्यात हाच उतारा वापरणारी एसक्यूएम नावाची सोय मिळते. लाइन १०० ची असेल, तर तिथे ९० लिहायचे. मग रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि कुणाला आधी सोडायचं, हे तोच ठरवतो. दहा एमबीपीएस गेले, पण मुलाखत सुरळीत झाली. मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो. मात्र हे काम प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे लाइन ५०० ची असेल तर स्वस्त राउटर दमतो.

आता वायफायकडे येऊ. पाच गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल ठेवला, की शेजारच्या टेबलावर वेग झकास मिळतो. पण रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो, आणि दोन भिंतींपलीकडे कनेक्शन डळमळतं. दाट वस्तीत ४० बरे. २.४ वर तर २० च, आणि चॅनल १, ६ किंवा ११. पाच गिगाहर्ट्झवर चॅनल ५२ ते १४४ मोकळे दिसतात, पण तिथे रडारला पहिला मान. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि घरात ‘वायफाय गेलं’ म्हणून ओरड सुरू होते. राउटरची ताकद वाढवूनही फारसं साधत नाही. त्याचा आवाज मोबाइलपर्यंत पोचेल, पण मोबाइलचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत पोचायला हवा ना!

एक विनंती. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याला हात लावू नका. आपला राउटर त्याच्यामागे जोडा. आणि फर्मवेअर उतरवण्याआधी राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर मॉडेलबरोबर व्हर्जनही वाचा. त्याच डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या व्हर्जनमध्ये कंपनीने नाव तेच ठेवलं, पण मेमरी निम्मी केली आणि लिनक्सही काढून टाकलं होतं.