‘अँड्रिया गेल’ : बोट, वादळ आणि चित्रपट

(चित्रपट रसास्वाद वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सत्यघटनेवर आधारलेला चित्रपट पाहून प्रेक्षागृहाबाहेर पडणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे असेच घडले होते काय ? ‘द परफेक्ट स्टॉर्म’ या सन २००० मधील अमेरिकन चित्रपटाच्या बाबतीत या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांपैकी एकही परत आला नाही. अशा वेळी चित्रपटकाराने काय करावे, आणि त्याने जे केले ते प्रेक्षकाने कितपत खरे मानावे, हा आजचा विषय होय.

प्रथम घटना पाहू. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्लॉस्टर नावाचे मासेमारीचे जुने बंदर आहे. समुद्रावर गेलेले आणि न परतलेले इतके लोक या गावाच्या खाती जमा आहेत की, तेथील स्मारकावर कोरलेल्या नावांची संख्या पाच हजारांच्या वर जाते. दिनांक २० सप्टेंबर १९९१ रोजी या बंदरातून ‘अँड्रिया गेल’ ही ७२ फूट लांबीची पोलादी बोट निघाली. बोटीवर बिली टाइन हे कप्तान, म्हणजे कोकणच्या भाषेत तांडेल, आणि पाच खलाशी होते. तलवारीसारखी लांब चोच असलेला स्वोर्डफिश हा मासा पकडण्यासाठी ते न्यूफाउंडलंडच्या पूर्वेकडील ग्रँड बँक्स या उथळ समुद्रभागाकडे गेले. ही मासेमारी जाळ्याने होत नाही. मैलोगणती लांब दोरी, तिला ठराविक अंतराने लावलेले गळ, ती रात्री सोडायची आणि सकाळी ओढून घ्यायची, असे हे काम. ग्रँड बँक्सवर मासा पुरेसा मिळेना, म्हणून बोट आणखी पूर्वेला, फ्लेमिश कॅपपर्यंत गेली. खलाशांना पगार नसतो. खर्च आणि मालकाचा हिस्सा वजा जाता जे उरेल त्यात वाटा. रिकाम्या हाताने परतणे म्हणजे महिनाभराची मजुरी बुडणे, हे आपल्या किनाऱ्यावरील खलाशाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस बोट घराकडे वळली. २८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास टाइन यांचे त्याच मालकाच्या ‘हॅना बोडेन’ या बोटीच्या कप्तान लिंडा ग्रीनलॉ यांच्याशी बिनतारी यंत्रावर बोलणे झाले. लाटा ३० फुटांच्या होत्या. त्यानंतर बोटीचा आवाज कोणीही ऐकला नाही. ६ नोव्हेंबरला सेबल बेटाच्या किनाऱ्यावर बोटीचे संकटसूचक यंत्र सापडले. पाण्यात पडताच उपग्रहाकडे आपोआप संदेश पाठविणारे हे यंत्र. त्याचा खटका बंद स्थितीत असल्याची नोंद झाली. तो कोणी व का बंद ठेवला, हे कळण्यास मार्ग नाही. काही पिंपे, इंधनाची एक टाकी, एक रिकामा जीवरक्षक तराफा, एवढेच अवशेष हाती आले. सुमारे १,८६,००० चौरस सागरी मैलांचा शोध घेऊन ९ नोव्हेंबरला तपास थांबविण्यात आला.

आता वादळाकडे वळू. ‘परफेक्ट’ या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते. येथे त्याचा अर्थ ‘उत्तम’ असा नसून ‘सर्व घटक नेमके जुळून आलेले’ असा आहे. बॉस्टनच्या हवामान कार्यालयातील बॉब केस यांच्याशी झालेल्या संभाषणातून लेखक सबॅस्टियन युंगर यांना हा शब्द सुचला. कॅनडावर उच्च दाबाचा थंड हवेचा मोठा प्रदेश होता. नोव्हा स्कोशियाजवळ कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले होते. आणि दक्षिणेकडून ‘ग्रेस’ नावाचे चक्रीवादळ आपली उष्ण, दमट हवा घेऊन येत होते. कमी दाबाच्या क्षेत्राने ‘ग्रेस’ला गिळून टाकले. शेजारी उच्च दाब असल्यामुळे दोहोंमधील दाबाचा उतार अतिशय तीव्र झाला आणि वारा पिसाळला. एरवी या भागातील वादळे किनाऱ्यापासून दूर पूर्वेकडे जातात. हे मात्र उलट दिशेने, किनाऱ्याकडे सरकले. ३० ऑक्टोबरला त्याचा केंद्रीय दाब ९७२ मिलिबारपर्यंत उतरला. नोव्हा स्कोशियालगतच्या एका तरंगत्या नोंदयंत्रावर १०० फुटांहून उंच लाट नोंदली गेली. पुढे याच वादळाच्या पोटात, उष्ण सागरी प्रवाहावर, एक लहान चक्रीवादळ तयार झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून हवामान खात्याने त्याला नावच दिले नाही.

युंगर यांचे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. बोटीवर अखेरच्या तासांत काय घडले असेल हे सांगताना त्यांनी खलाशांच्या तोंडी कल्पित संवाद घातले नाहीत. इतर बुडालेल्या बोटींचे अनुभव, नौकाशास्त्र आणि बुडण्यातून वाचलेल्यांच्या हकिकती यांच्या आधारे त्यांनी शक्यता मांडल्या. चित्रपटाला ही सोय नाही. जॉर्ज क्लूनी दोन तास पडद्यावर असताना त्याने मौन पाळावे, असे कोणी म्हणणार नाही. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन यांना बंदिस्त जागेतील माणसे आणि बाहेरचे पाणी यांचा अनुभव होता. १९८१ मधील त्यांचा पाणबुडीवरील ‘दास बूट’ हा चित्रपट प्रसिद्धच आहे. ‘अँड्रिया गेल’च्याच जातीची दुसरी बोट, स्टुडिओतील प्रचंड टाकी आणि संगणकावर घडविलेल्या लाटा, यांच्या साहाय्याने त्यांनी जो समुद्र उभा केला, तो पाहताना आजही छाती दडपते. तंत्र म्हणून हे काम वाखाणण्याजोगेच आहे.

तथापि एका प्रसंगाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. चित्रपटात बचावाचे हेलिकॉप्टर एका शिडाच्या नौकेवरील माणसांना वाचविते आणि मग ‘अँड्रिया गेल’च्या मदतीस निघते, वाटेत इंधन संपून ते समुद्रात पडते. वस्तुतः ते हेलिकॉप्टर ‘अँड्रिया गेल’साठी निघालेच नव्हते. ते दुसऱ्याच एका एकट्या नाविकाकडे गेले होते, आणि शिडाच्या नौकेवरील माणसांना तटरक्षक दलाच्या वेगळ्या हेलिकॉप्टरने उचलले होते. हवेत इंधन भरता न आल्याने पाण्यात उतरावे लागलेल्या पाचपैकी चौघांना ‘टॅमरोआ’ या तटरक्षक जहाजाने वाचविले. पाचवा जवान मिळाला नाही. हा बदल किरकोळ नव्हे. पडद्यावर बुडणाऱ्या बोटीकडे कोणीतरी धाव घेत आहे, असा दिलासा प्रेक्षकाला मिळतो. प्रत्यक्षात त्या सहा जणांकडे त्या रात्री कोणीही निघालेले नव्हते, कारण ते संकटात आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हते. खरी गोष्ट अधिक भयंकर आहे, आणि चित्रपटाने नेमकी तीच टाळली.

दुसरा मुद्दा नावांचा. चित्रपटात टाइन व त्यांचे सहकारी खऱ्या नावांनीच वावरतात. मोठ्या मिळकतीच्या ध्यासाने जाणूनबुजून वादळात शिरणारा, हताश झालेला कप्तान असे टाइन यांचे चित्र रंगविले गेले, अशी तक्रार घेऊन त्यांचे आणि एका खलाशाचे कुटुंबीय व इतर काही जण फ्लॉरिडात न्यायालयात गेले. व्यापारी हेतूने एखाद्याचे नाव विनापरवानगी वापरण्यास मनाई करणारा तेथील कायदा चित्रपटाला लागू होत नाही, असा निर्णय फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. अन्यथा इतिहासावर चित्रपट काढणेच अशक्य होईल. परंतु ज्या मुलींना वडिलांचे अंत्यदर्शनही घडले नाही, त्यांना त्यांचे अखेरचे शब्द तिकीट काढून ऐकावे लागले, आणि तेही कोण्या पटकथाकाराने लिहिलेले, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जात नाही. नावे बदलली असती तर चित्रपटाचे काय बिघडले असते, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

किनारपट्टीवरील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हा चित्रपट गावात जरूर दाखवावा. परंतु दाखविताना त्या बंद खटक्याची हकिकत अवश्य सांगावी. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ‘ओखी’ चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तामिळनाडूच्या, खोल समुद्रात गेलेल्या अनेक बोटींपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. त्यांपैकी कितीतरी बोटी भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने मच्छिमार बोटींसाठी तयार केलेले संकटसूचक यंत्र पूर्वी केवळ संदेश पाठवीत असे ; तो कोणाला मिळाला की नाही, हे बोटीवर कळत नसे. जानेवारी २०२४ पासून कार्यान्वित झालेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत नियंत्रण केंद्राकडून पोच परत येते, आणि वादळाचा इशाराही त्याच यंत्रावरून बोटीपर्यंत पोहोचविता येतो.