रात्रीच्या सावल्या



चित्रकलेचे शास्त्र आम्ही कोणत्या शाळेत शिकलो नाही. कामगार संघटनेच्या धकाधकीतून सवड काढून जे वाचले, पाहिले, त्याच्या आधारे आज एका लहानशा चित्राविषयी बोलणार आहोत. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याने १९२१ साली केलेले 'रात्रीच्या सावल्या' हे ते एचिंग.

एचिंग कसे करतात ते आधी सांगतो. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. रेघेने उघडी पडलेली धातू आम्ल खाते. मग त्या खाचांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओलसर कागदावर यंत्राने दाबायचा. म्हणजे काळोख हा रेघेवर रेघ घालून, कष्टाने तयार करावा लागतो. उजेड म्हणजे हात न लावलेली जागा. हॉपरला कागद शुभ्रात शुभ्र आणि शाई काळ्यात काळी लागे.

पोटासाठी तो मासिकांची आणि जाहिरातींची चित्रे काढी. त्यात त्याचे मन रमत नसे. १९१५ च्या सुमारास तो एचिंगकडे वळला, तेव्हा ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मार्टिन लुइस याने त्याला या कामातल्या खाचाखोचा सांगितल्या. एकटेपणाची ही चित्रे अशी एका सोबत्याच्या मदतीने घडली.

आता चित्र पाहू. शहरातला निर्मनुष्य कोपरा. एक माणूस चालला आहे. दिव्याच्या खांबाची लांबलचक सावली रस्ता तिरपा कापून त्याच्या वाटेवर आडवी पडली आहे. जाणकार म्हणतात, माणूस किती एकाकी! आम्ही विचारतो, हे आपल्याला कसे कळले? तो कदाचित पगार खिशात घालून घरी, मुलांकडे निघाला असेल. तो एकाकी दिसतो याचे कारण त्याच्यापेक्षा आपल्या जागेत अधिक आहे. आपण त्याला वरच्या मजल्यावरून पाहत आहोत. चित्रकार फुटपाथवर उभा असता, तर आपण त्या माणसाला निदान किती वाजले ते विचारले असते.

संघटनेत माणसे हजारांनी मोजण्याची सवय लागते. व्यासपीठावरूनही माणसे उंचावरूनच दिसतात. सभा मोठी झाली की आनंद होतो. पण रात्रपाळी सुटल्यावर घरी जाणारा माणूस एकटाच असतो, आणि त्याची भीती, त्याचे कर्ज, त्याचे आजारपण मोर्चाच्या आकड्यात दिसत नाही.

१९२४ साली 'न्यू रिपब्लिक' या नियतकालिकाने सहा एचिंगांचा संच काढला, त्यात हे चित्र होते. त्यामुळे ते पुष्कळ घरांत पोहोचले. ज्याने ज्याने ते पाहिले, तो तो त्या उंच खिडकीत उभा राहिला. तेथून कणव वाटणे सोपे आहे. जिना उतरून त्याच्या बरोबरीने चालणे, हे आमच्यासारख्यांचे काम. आणि आपणा सर्वांचेही.