मानेवरची थप्पड

भाताच्या कापणीचे दिवस होते. आमचं घर कोकणात, शेताच्या बांधाला लागून. रात्री ट्यूबलाइटखाली कवितेची वही घेऊन बसलो होतो. ओळ काही जुळत नव्हती. तेवढ्यात मानेवर काहीतरी वळवळलं. रागारागात थप्पड मारली आणि हात तसाच मानेवरून पुसत नेला. मुंगीसारखं काहीतरी चिरडलं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी मानेवर लाल पट्टा उठला. त्यावर फोड आणि नुसती आग! शेजाऱ्यांनी निदान केलं, 'नागीण!' नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, हा आपल्याकडचा जुना धाक. अम्मी रात्रभर उशाशी बसून होती. सकाळी डॉक्टरांनी पट्टा पाहून एवढंच विचारलं, "दिव्याखाली किडा चिरडलात का?"

त्या किड्याचं नाव पेडेरस. रोव्ह बीटल नावाच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला हा एक. या कुळात ६० हजारांहून अधिक जाती आहेत. कुणी शेणात राहतात, कुणी अळंबीवर, कुणी चक्क मुंग्यांच्या वारुळात बिऱ्हाड करतात. बहुतेकांचे वरचे पंख आखूड, बंडीसारखे. उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. आमचा पाहुणा जेमतेम सेंटीमीटरभर. डोकं काळं, पंख निळसर, बाकी बरंचसं अंग नारिंगी. चालताना शेपटाकडची बाजू विंचवासारखी वर उचलतो.

पण तो चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं जहाल रसायन असतं. किडा चिरडला की ते आपल्या कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांनी फोड येतात. हे विष प्रथम वेगळं काढलं गेलं, तेव्हा म्हणे अडीच कोटी किडे गोळा करावे लागले होते! गंमत म्हणजे, ते मुळात किड्याचंही नव्हे. माद्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू ते तयार करतात, हे २००२ मध्ये योर्न पील या जर्मन शास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढं आलं. आई ते अंड्यांत उतरवते, म्हणून कोळी तिच्या पिल्लांच्या वाटेला जात नाहीत.

म्हणजे दोन आया जागत होत्या. एक माझ्या उशाशी आणि दुसरी, जिला मी चिरडलं.

शिवाय हा किडा भातावरचे तुडतुडे खातो. म्हणजे आमच्या ताटातल्या भाताचा राखणदारच. पीक कापलं की त्याचा आसरा जातो आणि तो दिव्याकडं येतो.

तेव्हा अंगावर दिसला तर मारू नका. फुंकर मारा, किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडा. चुकून चिरडलाच, तर जागा लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्यांना लावू नका.

माझ्या मानेवरचा डाग पुसट झाला आहे. कापणीच्या दिवसांत मात्र आता लिहिताना खिडकी लावून घेतो आणि हात आवरून धरतो.